बारा स्वारांचं एक बेट

अंतिम सामन्यात सागिनबेकचे पुढचे दोन दात गेले, आणि ते गेल्याचं त्याला सामना संपल्यावर कळलं. समोरच्या संघातल्या कुणाचा तरी गुडघा तोंडावर बसला होता. हात मोकळे राहावेत म्हणून चाबूक दातांत धरून खेळायचं, ही सवयच. खेळ थांबल्यावर त्याने चाबूक तोंडातून काढला तेव्हा मुठीबरोबर दातही हातात आले. त्याने ते खिशात टाकले आणि लालभडक तोंडाने हसला. तलासच्या खोऱ्यात गेल्या नऊ वर्षांत त्यांच्या गावाने कोक-बोरूचा चषक जिंकला नव्हता, तो आज जिंकला.

या खेळात चेंडू नसतो. मुंडकं छाटलेला तीसेक किलोचा बोकड असतो. धावत्या घोड्यावरून खाली लोंबून तो उचलायचा, मांडीखाली दाबायचा आणि मैदानाच्या टोकाला बांधलेल्या मोठ्या मातीच्या कढईत नेऊन फेकायचा. समोरचे तुम्हाला ते करू देत नाहीत, एवढाच काय तो खेळ. बोकड उचलण्यात सागिनबेकचा धाकटा भाऊ कुबात याचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नव्हता. आणि कुबात बोकड उचलत असताना त्याच्या अंगावर येणाऱ्या घोड्यांना छातीवर घ्यायचं काम रिस्बेकचं. चौदा वर्षं रिस्बेक हेच करत आला होता. आधी सागिनबेकसाठी, मग कुबातसाठी. त्याच्या बरगड्या किती वेळा मोडल्या याचा हिशेब त्यानेही सोडून दिला होता.

मेदेत आके राजम्याचा मोठा व्यापारी. संघाचे घोडे, खोगिरं, पशुवैद्य, सगळं तोच बघायचा. त्या दिवशी तो एका ट्रकच्या टपावर चढला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "पोरांनो, तुम्हाला समुद्र दाखवतो! बेटावर नेतो! ऊन, वाळू, आणि दहा दिवस काही करायचं नाही! बायकांसकट! पण बेट एकच हं. बारा जणांना बारा बेटं द्यायला मी काही बादशहा नाही. कोणतं ते तुमचं तुम्ही ठरवा."

बारापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी सगळे सागिनबेककडे जमले. अनारकुलने, त्याच्या बायकोने, पहाटेपासून मटण शिजत ठेवलं होतं. शहरातून सहलीच्या कचेरीतली अल्तिनाई म्हणून एक मुलगी आली होती. तिने जेवणाच्या चादरीवर, बोर्सोकच्या तळलेल्या तुकड्यांमध्ये जागा करून तीन रंगीत पत्रकं मांडली. हैनान, फुकेत, सायप्रस. तिन्हींवर निळं पाणी, तिन्हींवर एकच बाई पाठमोरी बसलेली.

"सहल जानेवारीत आहे," अल्तिनाई म्हणाली. "तेव्हा फुकेतला कडक ऊन असतं. पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं. हैनानलाही बरं असतं, जवळही पडतं. सायप्रस सुंदर आहे, पण जानेवारीत तिथे पाऊस. समुद्रात उतरता येईलच असं नाही."

"मग ते पत्रक आणलंस कशाला?" कुबातने विचारलं.

"मी सांगितलं आणायला," रिस्बेक म्हणाला.

सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. रिस्बेक सहसा बोलत नसे. तो चहाच्या वाटीत बघत म्हणाला, "तिथे उत्तर भागात तुर्की बोलतात. आपल्याला निम्मं तरी कळेल. खाणंही आपलं. फुकेतला काय खाल? डुकराचं मटण आणि झुरळं?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. खाण्याचा मुद्दा खरा होता. बायकांचं नाव घेऊन आणखी दोघे त्या बाजूला गेले. मत घेतलं तेव्हा पाच जण फुकेतचे, पाच सायप्रसचे. म्हातारा होत आलेला इशेन एकटाच हैनानचा, कारण तिथल्या लोकांना घोड्याचं मटण कळतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सागिनबेक कप्तान, त्याने मत राखून ठेवलं. खरं तर त्याला बेटाचं काही पडलंच नव्हतं. अनारकुलचा गुडघा थंडीत आखडतो, कुठेही ऊन असलं म्हणजे झालं, एवढंच त्याच्या मनात.

"पावसात बसायला सायप्रस कशाला?" कुबात म्हणाला. "अंगणात बसू की. रिस्बेक, खरं कारण सांग ना."

त्याने 'आके', म्हणजे दादा, म्हटलं नाही. आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारली, तेव्हाच सागिनबेकने वाटी खाली ठेवली.

"कुबात."

"नाही आके, बोलू दे मला. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तोंडात मटण भरून गप्प बसलेत. याची नुरझादा दोन वर्षांपासून त्या बेटावर हॉटेलात कामाला आहे. आम्ही आमच्या बायका बरोबर न्यायच्या, आणि याची आयती तिथेच. आमच्या बिछान्यांच्या चादरी बदलेल ती. आमच्या, आणि आणखी कुणाकुणाच्या."

रिस्बेक उठलेला कुणी पाहिलाच नाही. चादरीवरची थाळी उलटली, रस्सा अल्तिनाईच्या मांडीवर सांडला, आणि रिस्बेकच्या बुटातला चाबूक कुबातच्या तोंडावर दोनदा बसला. पहिल्या फटक्याने गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. दुसरा मानेवर. कुबातने आंधळेपणाने चहाची किटली उचलून फेकली. ती रिस्बेकच्या छातीवर आदळली, उकळतं पाणी सदऱ्यातून आत झिरपलं, आणि रिस्बेक ओरडलादेखील नाही. तो चालतच राहिला. मग बाकीचेही उठले. सायप्रसवाले, फुकेतवाले. एकमेकांसाठी हाडं मोडून घेणारी माणसं एकमेकांचे कान पिरगाळत, बोटं मोडत भिंतींवर आपटायला लागली. इशेन दोघांना सोडवायला गेला आणि कुणाच्या तरी कोपराने त्याचं नाक फुटलं.

"माझ्या घरात!" अनारकुल कढईचा झारा घेऊन आत आली. "माझ्या चादरीवर! रानडुकरांनो!" आणि जो पुढे आला त्याच्या टाळक्यात तिने झारा घातला. तो निघाला सागिनबेक.

शेवटी त्यानेच दोघांना अंगणात ओढलं. कुबातचा गाल हाताने दाबलेला, बोटांतून रक्त गळत होतं. रिस्बेकच्या गळ्यापासून खाली कातडी लाल होऊन फुगली होती. बर्फावर दोघेही वाफाळत उभे.

सागिनबेकचं डोकं ठणकत होतं. त्या वेळी त्याने सगळ्यांना घरी पाठवायला हवं होतं. मेदेत आकेला जाऊन सांगायला हवं होतं, की बेट तूच निवड. पुढे अनेक वर्षं तो हेच म्हणत राहिला. पण तेव्हा त्याला वाटलं, तोंडाने जे या माणसांना जमत नाही ते घोड्यावर जमतं.

"उद्या दुपारी मैदानावर," तो म्हणाला. "फुकेतवाले पाच, सायप्रसवाले पाच. तीनदा जो आधी कढईत टाकेल त्याचं बेट. त्यानंतर कुणी एक शब्द काढला तर त्याला मी संघातून हाकलीन."

"मंजूर," रिस्बेक म्हणाला.

कुबात थुंकला. थुंकी लाल होती. "मंजूर."

दुसऱ्या दिवशी मैदान गोठून दगड झालं होतं. अशा जमिनीवर कुणी खेळत नाही, घोड्यांचे खूर घसरतात. इशेन सुजलेल्या नाकाने म्हणाला, "सागिन, पुढे ढकल. दोन दिवसांनी ऊन पडेल." सागिनबेकने ऐकलं नाही. पुढे ढकललं तर हे लोक रस्त्यात एकमेकांना गाठतील, अशी त्याला भीती होती. त्याने गळ्यात शिटी अडकवली, काळ्या घोडीवर बसला आणि बोकड मधोमध टाकला.

तो खेळ नव्हताच. पहिल्या पाच मिनिटांत बोकडाकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. घोडे छातीला छाती लावून उभे राहत आणि वर बसलेले चाबकाच्या मुठींनी एकमेकांचे गुडघे फोडत. एकाचं मनगट मोडलं, त्याचा आवाज सागिनबेकला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. त्याने शिटी वाजवली. कुणी थांबलं नाही. फुकेतवाल्यांनी एक टाकला, सायप्रसवाल्यांनी एक. कुबातचा गाल टाक्यांतून पुन्हा उसवला, वाऱ्याने रक्त मागे कानात जात होतं. तो हसत होता. असा हसणारा कुबात सागिनबेकने लहानपणी एकदाच पाहिला होता, शेजाऱ्याचा कुत्रा दगडांनी मारताना.

मग कुबात बोकड उचलायला खाली लोंबला.

रिस्बेक त्याच्यावर आला. इतकी वर्षं जी टक्कर तो कुबातच्या शत्रूंना द्यायचा, तीच आता कुबातला. त्याचा पिवळा घोडा सरळ कुबातच्या घोड्याच्या खांद्यावर आदळला. कुबातचा घोडा बर्फावर घसरला, कुबात खाली पडला, आणि पिवळा घोडा त्याच्यावरून गेला. पुढे जाऊन गर्रकन वळला आणि पुन्हा त्याच्यावर आला. खूर कुबातच्या खांद्यावर पडला. कुबात किंचाळला.

सागिनबेकने शिटी टाकून दिली.

काळ्या घोडीला टाच मारून तो रिस्बेकच्या डाव्या अंगाला भिडला आणि चाबकाची मूठ उलटी धरून त्याच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. ती मूठ जर्दाळूच्या लाकडाची, टोकाला पितळ. पहिला घाव भुवईवर. रिस्बेक काहीतरी बोलत होता. सागिनबेकला शब्द ऐकू येत होते, पण अर्थ लागत नव्हता. दुसरा घाव, तिसरा. रिस्बेकचे दोन्ही हात लगामाला होते, तोंड झाकायला त्याने एकही वर केला नाही, आणि त्याचा सागिनबेकला आणखीच राग आला. पाचव्या की सहाव्या घावाला मूठ कशात तरी रुतल्यासारखी झाली. रिस्बेक घोड्यावरून मागे कलला आणि पोत्यासारखा पडला. सागिनबेकही उतरला आणि पडलेल्या माणसाला लाथा घालू लागला. चार जणांनी मिळून त्याला दूर केलं तेव्हा तो तोंडाशी येईल त्याला चावत होता.

कुबात उठून बसला होता. खांद्याचं हाड मोडलं होतं, बाकी धडधाकट.

"आके," तो म्हणाला, "आके, काय केलंस?"

रिस्बेकला गाडीत घालून नेलं. सागिनबेकच्या वाट्याला त्याचा पिवळा घोडा गावात न्यायचं काम आलं, कारण दुसरं कुणी भानावर नव्हतं. त्याने लगाम धरला आणि त्याचा हात चिकट झाला. घोड्याच्या तोंडातून रक्त येत होतं. जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत लगामाच्या लोखंडाने खोल काप पडले होते. सागिनबेकने तोंड उघडून नीट पाहिलं. घोड्याला पुढे हाकणाऱ्या माणसाच्या लगामाने असं होत नाही. जिवाच्या आकांताने थांबवणाऱ्याच्या लगामाने होतं. रिस्बेक ओढत होता. घोडा बर्फावर ऐकत नव्हता, आणि तो दोन्ही हातांनी ओढत होता. आणि जे शब्द तेव्हा कळले नव्हते ते आता एकदम कळले: "थांबत नाही रे, थांबत नाही."

सागिनबेकने लोखंड घोड्याच्या तोंडातून काढलं आणि आयाळ धरून त्याला गावात नेलं.

रिस्बेकचा डावा डोळा डॉक्टरांना वाचवता आला नाही.

नुरझादा सहाव्या दिवशी आली. इस्तंबूलमार्गे दोन विमानं बदलून, हॉटेलच्या गणवेशाचे पांढरे बूट तसेच पायात. सुट्टी मिळाली नाही म्हणून नोकरी सोडून आली होती. आठवड्याने सागिनबेक तिच्या अंगणात गेला. बरोबर गावातला सर्वांत वयस्कर जुमाश आजोबा होता आणि मागे काळी घोडी. असल्या प्रकरणात भरपाई म्हणून घोडा घेऊन जायचा आणि म्हाताऱ्याने बोलायचं, ही रीत.

नुरझादा लाकडं फोडत होती. कुऱ्हाड तिने खाली ठेवली नाही.

"पोरी," जुमाश आजोबाने सुरुवात केली, "रागाच्या भरात माणसाच्या हातून..."

"आजोबा, तुम्ही आत जाऊन चहा घ्या. मला सागिन आकेंशी बोलायचंय."

म्हातारा आत गेला. दारात रिस्बेक येऊन टेकून उभा राहिला होता, अर्ध्या तोंडाला पट्टी.

"बेटावरून झालं म्हणे," नुरझादा म्हणाली.

"हो."

"कोणत्या?"

"तुझ्याच. त्याला तिथे यायचं होतं."

ती वळली. "मला का नाही सांगितलंस?"

"अचानक येऊन उभा राहणार होतो," दारातून रिस्बेक म्हणाला. "तुला हसवायला."

"हसले असते होय! अरे, कामवाल्यांना पाहुण्यांच्या वाळूवर पाय ठेवायची बंदी आहे. पाहुण्यांशी बोलायचीही. तू उन्हात लोळला असतास आणि मी खिडकीतून बघितलं असतं." ती पुन्हा सागिनबेककडे वळली. "कुबात काय म्हणाला? शब्द न् शब्द सांगा."

"जाऊ दे ना, नुरझादा."

"सांगा."

सागिनबेकने खाली बघत सांगितलं. आमच्या बिछान्यांच्या चादरी बदलेल ती, इथपर्यंत बोलून तो थांबला.

"बदलल्याच असत्या," ती म्हणाली. "चौथा मजला माझ्याकडे आहे. होता. रोज सव्वीस खोल्या. तुमच्याही चादरी बदलल्या असत्या, कुबातच्याही. त्यात काय आहे? यात मारामारी करण्यासारखं काय होतं, मला कुणीतरी सांगा. त्या पैशांतून या घराचं छप्पर झालं. तुम्ही बारा बैल माझ्या नावाने भांडलात आणि तुमच्यातल्या एकालाही मला फोन करून विचारावंसं वाटलं नाही?"

"घोडी आणलीय," सागिनबेक पुटपुटला.

"दिसतेय. चाबूक कुठे आहे?"

त्याने बुटातून काढून दिला. तोच, पितळी टोकाचा. ती कुऱ्हाड टाकून पुढे आली आणि त्याने काही म्हणायच्या आत चाबूक त्याच्या तोंडावर ओढला. तो हलला नाही. दुसरा फटका त्याच गालावर बसला, कातडी फाटली. तिसरा कानावर. ती दात आवळून, एकही शब्द न बोलता, चादरी झटकावी तसं खांद्यातून मारत होती. सागिनबेकचे हात बाजूला तसेच राहिले. सातव्या फटक्याला त्याचा एक गुडघा जमिनीला टेकला. काळी घोडी बुजून दोरीला हिसके देऊ लागली.

"नुरा," रिस्बेक म्हणाला. "घोडी दावं तोडेल. बस कर."

तिने चाबूक लाकडांच्या ढिगात फेकला आणि घोडीच्या दाव्याला हात घातला. "घोडी राहील," ती धापा टाकत म्हणाली. "माफी नाही. दोन्ही एकत्र मागू नका. आणि कुबातला पाठवून द्या. खांदा जुळायची वाट नका बघू, एका हाताने येईल तेवढं काम आहे माझ्याकडे."

कुबात गेला. गालाची जखम अजून ओली होती. नुरझादाने त्याला शिवी दिली नाही की हात लावला नाही. उपचारांच्या दिवसांतले रिस्बेकचे रक्ताने कडक झालेले कपडे आणि अंथरुणं तिने बर्फाच्या पाण्याच्या पिपाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "चादरींपासून सुरू कर." तो आठ दिवस जात होता. नवव्या दिवशी त्याच्या बोटांची सालं निघाली तेव्हा तिने त्याला परत पाठवलं.

मेदेत आकेने शब्द पाळला. पण कुणाला विचारलं नाही, स्वतःच फुकेत लिहून टाकलं. सहा जण गेले. भाजून लाल होऊन परतले, आणि गावात कुणी त्यांना समुद्र कसा असतो ते विचारलं नाही. चषकाच्या पुढच्या हंगामात गावाचा संघ उतरलाच नाही. कुबात बांधकामावर रशियाला निघून गेला. जाताना भावाला मिठी मारली, पण त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

मार्चमध्ये नुरझादाला त्याच बेटावर दुसऱ्या हॉटेलात काम मिळालं आणि ती गेली. रिस्बेकला म्हणाली, उन्हाळ्यात ये, पाहुणा म्हणून नको, माझा नवरा म्हणून ये, मागच्या दाराने.

मे महिन्यात रिस्बेकच्या शेतात राजमा पेरायला सागिनबेक गेला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. दुपारी रिस्बेक पिवळ्या घोड्याला बांधावर घेऊन आला. डोळा गेल्यापासून तो घोड्यावर बसला नव्हता. रिकिबीत पाय घालताना त्याचा अंदाज चुकला, पाय हवेत गेला, तो तोंडावर पडला. सागिनबेक धावत गेला आणि त्याच्या काखेत हात घातला. रिस्बेकने मागे न बघता कोपर मारला. तो बरोबर सागिनबेकच्या तोंडावर बसला, ओठ फुटला.

दोघेही धापा टाकत मातीत बसले. रिस्बेकने मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्याला तो दिसला.

"उजवीकडून येत जा," तो म्हणाला. "डावीकडून कुणी आलं की मला मारावंसंच वाटतं."

सागिनबेकने ओठ बाहीला पुसला, उठला, घोड्याला वळसा घालून उजवीकडे गेला आणि रिकीब धरून उभा राहिला.